जर्मनीला निघालेल्या मुलामुलींना अनावृत पत्र

प्रिय विद्यार्थ्यांनो,

ऑक्टोबरच्या सेमिस्टरसाठी तुमची लगबग चालू असेल. एपीएसचं प्रमाणपत्र, ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसा, बॅगेतला कुकर, सगळं जागेवर असेल. अभ्यासाची तयारी मात्र राहून जाते, आणि इथली हुशार मुलं तिथे पहिल्याच सेमिस्टरला गडबडतात. म्हणून हे पत्र.

इथे कॉलेज आपल्या मागे लागतं. हजेरी कमी पडली की डिफॉल्टर लिस्ट लागते, सबमिशनच्या आठवड्यात जर्नल पुरी करून घेतली जाते. तिथे बहुतेक लेक्चरना हजेरीच नसते. कुणी काही विचारत नाही, आणि फेब्रुवारीच्या सुमारास एकच पेपर येतो. बऱ्याच विषयांत सगळी ग्रेड त्या एका पेपरवर. त्याला बसायचं तर पोर्टलवर आपणच नाव नोंदवायचं. मुदत हुकली की अभ्यास करूनही बसता येत नाही. नाव नोंदवून, वेळेत रद्द न करता गैरहजर राहिलात तर सहसा थेट ५.०, म्हणजे नापास. एटीकेटीचा हिशेब डोक्यातून काढून टाका. बहुतेक विद्यापीठांत एका परीक्षेला दोन किंवा तीनच संधी असतात. शेवटची हुकली की कोर्समधून नाव कमी होतं, आणि मग निवास परवान्याचाही प्रश्न उभा राहतो. तुमच्या कोर्सची परीक्षा नियमावली विद्यापीठाच्या साइटवर असते. ती निघण्याआधी वाचा. जर्मनमध्येच असेल तर जाणत्याकडून समजून घ्या.

पेपरही वेगळा असतो. काही विषयांत स्वतःच्या हाताने लिहिलेला एक ए-फोर कागद आत नेऊ देतात. सूत्रं समोरच असतात, मग पाठांतर काय कामाचं? कुठलं सूत्र का लावायचं, हेच विचारतात. आपल्याकडे आयएमपी प्रश्न आणि गाईडवर पेपर निघून जातो, त्यामुळे ही सवय नसते. आत्ताच तुमचा थर्ड इयरचा एखादा विषय घ्या आणि तो एका कागदावर बसवून बघा. काय गाळायचं हे ठरवताना तो विषय किती कळला होता ते दिसेल.

निकालानंतर तपासलेला पेपर बघायला ठरावीक वेळ देतात. आपली मुलं संकोचाने जात नाहीत. प्राध्यापक रागावतील, अशी भीती वाटते. जरूर जा. चुका कुठे झाल्या ते कळतं, बेरीज चुकली असेल तर दुरुस्त होते, आणि शांतपणे विचारलेल्या शंकेचा तिथे कुणाला राग येत नाही. मला त्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आणि घरी आधीच सांगून ठेवा: तिथे १.० सर्वोत्तम, ४.० पर्यंत पास, आणि २.३ म्हणजे चांगली ग्रेड. तो आकडा ऐकून आईबाबांना धक्का बसायला नको.

तुमचा,
एक शिक्षक