रस्ता संपतो तिथलं सोलापूर

सोलापूरला लोक काय बघायला जातात? सिद्धेश्वराचं देऊळ, शेजारचा भुईकोट किल्ला आणि येताना पिशवीत एक चादर नि शेंगाचटणीचं पाकीट. बास! पुण्या-मुंबईच्या पब्लिकसाठी तर सोलापूर म्हणजे हैदराबादला जाताना रात्री अडीच वाजता बसच्या खिडकीतून दिसणारे चार दिवे. त्यामुळे एका मित्रानं फोन करून विचारलं, "आमच्या फोर बाय फोर ग्रुपची ट्रिप आहे सोलापूरला, येतेस?" तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, "सोलापूरला फोर बाय फोर नेऊन काय करणार? चादरी भरून आणणार?"

"अगं, आउटबॅक आहे तो," तो एकदम सीरियसली म्हणाला. "महाराष्ट्राचा आउटबॅक!"

तर हे फोर बाय फोरचं खूळ तुमच्याही ऑफिसात पोचलं असेलच. २०२० मध्ये नवी थार आली, २०२३ मध्ये जिम्नी आली, आणि आजवर पार्किंगच्या रॅम्पवरच गाडी चढवणाऱ्यांना अचानक आपल्यात एक एक्सप्लोरर दडलाय असा साक्षात्कार झाला. आमच्या ग्रुपात एक लाल थार, एक गुरखा, एक जिम्नी आणि २०१९ नंतर शोरूममधून गायब झालेली, मालकानं पोटच्या पोरासारखी जपलेली जिप्सी अशा चार गाड्या होत्या. सोमवार ते शुक्रवार कोडिंग करणारी, कर्जाच्या फायली बघणारी ही माणसं शुक्रवारी रात्री वॉकी-टॉकीवर "कॉपी, कॉपी" करत बोलायला लागतात. सुरुवातीला जाम हसू येतं. टेंभुर्णीपर्यंत मीही "कॉपी" म्हणायला लागले होते.

पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर. चार पदरी हायवे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सोलापुरात एक लोकल मित्र आम्हाला जॉइन झाला आणि "कुठं चाललाव बे एवढ्या गाड्या घेऊन?" असं स्वागत करून त्यानं आम्हाला बार्शी रोडला लावलं. साधारण वीस किलोमीटरवर नान्नज. द्राक्षांच्या धंद्यातला माणूस हे नाव ऐकून कान टवकारेल, कारण सोनाका ही द्राक्षाची जात याच गावची. पण नान्नजची खरी ओळख म्हणजे माळढोक अभयारण्य.

मी हिवाळ्यात एकदा इथं आले होते. लपणात बसून समोर नुसतं सोनेरी गवत, त्यात उड्या मारत जाणारे काळवीट आणि लांबवर एक लांडगा, तोही आपल्याकडे ढुंकून न बघता चाललेला. माळढोक दिसला नाही. दिसणारही नव्हता. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी इथं एके काळी शेतकऱ्यांच्या रोजच्या बघण्यातला होता. मोराच्या जागी यालाच राष्ट्रीय पक्षी करावं असा सलीम अलींचा आग्रह होता म्हणतात. आता तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे, उरलेले बहुतेक राजस्थानात आहेत आणि सोलापूरच्या माळावर एखाद-दुसऱ्याच्याच नोंदी होतात. १९७९ मध्ये अभयारण्य झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. म्हणजे दोन गोवे आत बसून वर जागा उरेल! त्यात गावं आली, शेतं आली, बाजारपेठा आल्या. जमीन विकायची, घर बांधायचं तर परवानगीची भानगड. लोक वैतागले नसते तरच नवल. शेवटी ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं.

अर्थात आम्ही अभयारण्यात जाणार नव्हतोच. तिथं गाडी रस्त्याखाली उतरवायची नाही आणि तंबू ठोकायचा नाही, हे ग्रुपमधल्या सगळ्यांना माहीत होतं. आमचा प्लॅन त्याच्याबाहेरच्या एका गावाच्या गायरानाचा होता. ऑक्टोबरमध्ये तीस गाड्यांची मोठी मीट करायची होती आणि ही ट्रिप म्हणजे तिची पाहणी. स्टिकरसुद्धा छापून झाले होते, 'सोलापूर आउटबॅक' म्हणून.

जूनचा दुसरा आठवडा होता. मृगाचा एक पाऊस होऊन गेलेला. माळ म्हणजे तुम्हाला वाटतो तसा रखरखीत ओसाड नसतो. मुरमाड जमीन, तिच्यावर कापून ठेवल्यासारखं वाळलेलं गवत आणि त्याच्या बुडाशी, खाली वाकून बघितलं तरच दिसणारी, नव्या हिरव्याची लव. एकही झाड नाही. क्षितिज कंपासनं काढल्यासारखं गोल. लीडरनं टायरमधली हवा वीस पीएसआयवर उतरवायला लावली (हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते) आणि वॉकी-टॉकीवर फक्त एक शब्द बोलला, "सुटा!"

आणि आम्ही सुटलो.

खोटं कशाला बोलू? भन्नाट वाटलं. रस्ता नाही, लेन नाही, हॉर्न नाही, पाठीमागून डिपर मारणारं कुणी नाही. तुम्हाला हवं तिकडे स्टिअरिंग वळवायचं. चार गाड्या पंख्यासारख्या पसरल्या होत्या आणि मागे चार धुळीचे पट्टे. दहा मिनिटांसाठी मला माझं घरभाडं, अडकलेली दोन पेमेंट्स, सगळं विसरायला झालं होतं.

मग माळ उतरून ओढ्याकाठी काळी माती लागली.

सोलापूरची काळी माती हा स्वतंत्र विषय आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी मिळालं की ती फुगते, चिकट होते. टायरच्या नक्षीत ती अशी बसते की दोन मिनिटांत तुमचा महागडा मड टायर काळाभोर गुळगुळीत लाडू होतो. थार आधी रुतली. "फोर-लो टाक, फोर-लो!" टाकलं. "रेस नको देऊ!" तोवर देऊन झाली होती. चाकं जागेवर गरागरा फिरून गाडी पोटावर बसली. तिला ओढायला गेलेली गुरखा रुतली. यूट्यूबवर ऑस्ट्रेलियातले लोक हे सगळं हसतखेळत करतात, आम्ही दोन तास फावडं मारत होतो.

तेवढ्यात वर माळावरून कुणीतरी ओरडलं. शंभरेक मेंढरं, दोन कुत्री आणि पटकेवाले एक मामा. मला वाटलं मदतीला आले. त्यांनी रुतलेल्या गाड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. काठावर उभ्या असलेल्या जिप्सीकडे काठी केली. "ती गाडी मागं घेऊ नगा. हितं या जरा. ताई, तुमी बी या."

जिप्सीच्या मागच्या चाकापासून एक वीतभर अंतरावर, उघड्या मुरमात, चार अंडी. टोकं आतल्या बाजूला, मातकट रंगावर काळे डाग. मामांनी काठी टेकवली म्हणून दिसली, नाहीतर मी त्यांच्यावर पाय दिला असता. डोक्यावर मघापासून एक पक्षी कोकलत घिरट्या घालत होता. टिटवी. आम्हाला तो 'माहोल' वाटला होता आणि एकानं त्याचा व्हिडिओही काढला होता.

"आमी हिच्या अंड्यावनं पाऊस सांगतो," मामा म्हणाले. "उंचावर घातली की पाऊस चांगला. औंदा उंचावर हैत." मग जरा थांबून म्हणाले, "तुमी आलाव त्या चाकोरीनं मागं चालत जावा, समदंच काय वाचलं नसंल."

आम्ही तिघं गेलो. माळावर अंडी घालणारी टिटवी एकटी नाही. चंडोल, धाविक, तितर, खुद्द माळढोक, सगळे जमिनीवरच संसार मांडतात आणि लपायला त्यांच्याकडे अंड्याच्या रंगाशिवाय दुसरं काही नसतं. माळढोक तर एका वेळी एकच अंडं घालतो. जेमतेम दोनशे मीटर मागे, थारच्या चाकोरीत, गवताची एक वाटी सपाट झालेली होती. बोटाच्या पेराएवढी अंडी असावीत. पिवळा बलक मुरमाला चिकटून वाळला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. चंडोलाचं असणार, असं जिप्सीवाला म्हणाला. त्याला पक्ष्यांतलं कळतं. थारवाला आमच्यासोबत होता. तो काहीच बोलला नाही.

संध्याकाळी मामांच्याच ओळखीतून एक ट्रॅक्टर आला आणि पाच मिनिटांत दोन्ही गाड्या बाहेर. तळ गावाजवळच्या एका पडीवर टाकला, मालकाला विचारून. मुरमात तंबूच्या खुंट्या जात नाहीत, वाकतात! शेवटी दोऱ्या गाड्यांच्या चाकांना बांधल्या. माळावरचा जूनचा वारा काय चीज आहे ते त्या रात्री कळलं. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. कॅम्पिंगसाठी यापेक्षा सोयीचं जेवण जगात कुणी शोधलेलं नाही. भाकरी कितीतरी दिवस टिकते, गरम करायला लागत नाही आणि पावसात पाकीट भिजलं नाही तर तिचं काही म्हणजे काही बिघडत नाही.

जेवणानंतर जुंपली.

लीडरचं म्हणणं, आपण काहीही बेकायदा केलं नाही, हे अभयारण्य नाही. दुसरा म्हणाला, मीट ऑक्टोबरमध्ये आहे, तेव्हा अंडी नसतात. मुद्दा बिनतोड वाटला. पण मामा अजून तिथंच बसले होते, चहा घेत. ते म्हणाले, ऑक्टोबरात अंडी नसतील, पण गवत गुडघाभर असतं, आणि मेंढरांना तेच उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं असतं. "चाकाखाली गेलेल्या पट्ट्यात फुडल्या साली बी धड येत न्हाई." आणि मग, अजिबात आवाज न चढवता, "आमचं मेंढरू तारेच्या आत गेलं तर दंड. तुमच्या गाड्या भायेर फिरल्या तर कुणी इचारत न्हाई."

"मग चालवायचं कुठं? हायवेवर?" थारवाला म्हणाला. दुपारपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य. चिडून म्हणाला, पण प्रश्न खरा होता. चौदा-पंधरा लाखांची गाडी घ्यायची, तिला खास गिअर असायचा आणि तो टाकायला जागाच नसायची!

मला राहून राहून ते यूट्यूबचे व्हिडिओ आठवत होते. ऑस्ट्रेलियातलं सिम्पसन वाळवंट हे या मंडळींचं पंढरपूर. मी तंबूत पडल्या पडल्या मोबाइलवर बघितलं. तिथं आत जायला पास लागतो, गाडीवर उंच झेंडा लावावा लागतो आणि भर उन्हाळ्यात, १ डिसेंबर ते १५ मार्च, राष्ट्रीय उद्यान चक्क बंद असतं. आदिवासींच्या जमिनीतून जायचं तर कित्येक ठिकाणी त्यांचा परवाना काढावा लागतो. व्हिडिओत हा कागदपत्रांचा भाग कुणी दाखवत नाही. आणि आपल्याकडे? गवताळ माळाला सरकारी कागदांवर वर्षानुवर्षं 'पडीक' म्हणत आलोय. पडीक म्हटलं की मोकळं. सोलार पार्क टाका, झाडं लावा, प्लॉट पाडा, थार फिरवा! मीही दिवसभर तेच समजत होते, ड्रायव्हरशेजारी बसून "अजून जोरात" म्हणत.

तोडगा सोलापूरच्या मित्रानं काढला. त्याच्या काकांचं रान काळ्या मातीचं, आणि ते रब्बीची ज्वारी करतात. सोलापूरकडे हे कॉमन आहे. वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी, त्यामुळे पावसाळ्यात रान नुसतं तयार करून ठेवायचं, मातीत ओल साठू द्यायची आणि सप्टेंबरच्या शेवटी पेरायचं. म्हणजे ऑगस्टमध्ये रान मोकळं, चिखल भरपूर. सकाळी काकांना फोन लावला. काका व्यवहाराला पक्के. दिवसाचं भाडं, शिवाय गाड्या तुडवून गेल्या की नांगरट आणि कुळवाच्या दोन पाळ्यांचा खर्च आमच्याकडे, आणि बांध ओलांडायचा नाही.

मीटची जागा बदलल्याचा मेसेज ग्रुपवर पडला तेव्हा तीस नावं होती. "शेतात काय चालवायचं यार", "आउटबॅकचा फील नाही", असं होता होता अकरा उरली. लीडर शेवटपर्यंत कुरकुरला, पण आला. स्टिकर तेच वापरले, पैसे गेले होते ना!

ऑगस्टमध्ये त्या तीन एकरांत अकरापैकी सात गाड्या रुतल्या. काका बांधावर खुर्ची टाकून बसले होते, शेजारी ट्रॅक्टर चालू. एका ओढणीचे पाचशे, असा दर त्यांनी सकाळीच सांगून ठेवला होता. थार दोनदा ओढली.

जायचंय?

नान्नजला सोलापूरहून बार्शी रोडनं अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. काळवीट आणि गवत बघायला हिवाळा बेस्ट, पहाटे निघा. जाण्याआधी सोलापूरच्या वनविभागाकडे प्रवेशाची चौकशी करा, आणि माळढोक दिसेल ही अपेक्षा घरी ठेवा. माळावर गाडीनंच फिरायचं असेल तर पुण्याकडून जाताना वाटेत इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला वनविभागाची गवताळ प्रदेश सफारी आहे, ठरलेल्या वाटांवरून. मार्च ते सप्टेंबर गवतात पायीसुद्धा बघून चाला. डोक्यावर टिटवी ओरडायला लागली तर जागेवर थांबा आणि आलात त्याच पावलांनी मागे फिरा. पाणी भरपूर न्या, मे महिन्यात सोलापूर चव्वेचाळीस अंशांच्या पुढे जातं. शेतात तंबू टाकायचा तर मालकाला आधी विचारा, आणि खुंट्या लोखंडी घ्या.