आयोनाच्या वाटेवर

स्कॉटलंडमधल्या ओबनहून फेरी निघाली तेव्हा आमची बससुद्धा बोटीच्या पोटात होती. पाऊण तासात मल बेटावरचं क्रेगन्यूर आलं. तिथून फिनाफोर्टपर्यंत साठेक किलोमीटरचा, बराचसा एकपदरी रस्ता. समोरून गाडी आली की एक जण आपली गाडी बाजूला घेतो आणि दुसरा हात उंचावून आभार मानतो. आमचे चालकच मार्गदर्शक होते. वाटेतले डोंगर आणि खाड्या ते घरच्या माणसांची ओळख करून द्यावी तसे दाखवत होते.

फिनाफोर्टला बस थांबते. पाहुण्यांना आयोना बेटावर गाडी नेता येत नाही. दहा मिनिटांची छोटी फेरी, मग पायीच. इ.स. 563मध्ये संत कोलंबा आयर्लंडहून इथे आले आणि त्यांनी मठ स्थापला. जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं हे बेट, दोनशेहून कमी वस्ती. पण एवढ्याशा जागेनं केवढी विद्या जपली!

सगळं आधीच आखलेलं असल्यानं तिकिटं, वेळा, सामान यांची काळजी नव्हती, म्हणूनच आमच्यातल्या वयस्कर मंडळींना मठाच्या भिंतीपाशी निवांत बसता आलं. चांगल्या आखणीचं मोल मला इथे कळलं. तरी बेटावर उतरलात की गटापासून थोडा वेळ दूर, एकटे चाला. आयोना चालणाऱ्यालाच कळतं.