सागाचा भुसा

आज खरादावर फर्निचरचा सागाचा पाय उतरवला. संध्याकाळी मनगटाच्या आतल्या बाजूला लाल पुरळ उठलं, डोळे चुरचुरू लागले. सागातलं डीऑक्सीलॅपाचोल कातडीला बाधतं. शिसवीतही अशी द्रव्यं असतात. शरीरानं एकदा वैर धरलं, की पुढे चिमूटभर भुसाही पुरतो. पॉलिश पेपर मारताना उडणारी बारीक धूळ तर थेट फुफ्फुसात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ साली लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली. नाकातोंडाला गुंडाळलेला दुपट्टा तिला अडवत नाही. खरादावरच्या भावांनो, एन-९५ मास्क लावा, भुसा फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि घरी जाण्याआधी कपडे बदला.