व्हीटीमार्गे ब्राउनी

शनिवारी सकाळी तुम्ही काय करता? झोपता. मीही तेच करते. पण गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी पावणेनऊला मी डोंबिवली स्टेशनवर उभी होते आणि शेजारी बाबा, हातात दोन कापडी पिशव्या घेऊन. मिशन एकच, घरी ब्राउनी करायची!

ब्राउनी हे निमित्त. खरं कारण वेगळं होतं. बाबांना रिटायर होऊन आठ महिने झाले होते. फोर्टातल्या ऑफिसात चौतीस वर्षं नोकरी, रोजची ठरलेली फास्ट लोकल, ठरलेला डबा, ठरलेला ग्रुप. आणि आता? सकाळी पेपर, दुपारी टीव्ही, संध्याकाळी गॅलरी. मुंबईला जाणं सोडाच, कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही जाईनात. बोलणंही कमी झालेलं. ‘‘दिवसभर बसून माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजतात,’’ असं आई हसून सांगायची, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मग मी गुगली टाकली. ‘‘बाबा, ब्राउनीचं सामान आणायचंय. क्रॉफर्ड मार्केटमध्ये मला कुणीही गंडवेल. याल का सोबत?’’

‘‘गंडवेल म्हणजे काय?’’ बाबा म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

सीएसएमटीला उतरलो. स्टेशनचं नाव दोनदा बदललं, 1996 ला आणि मग 2017 ला, पण बाबांसाठी ते अजून ‘व्हीटी’च. तिथून मार्केट चालत दहा मिनिटं. गेल्या आठ महिन्यांत जेवढे बोलले नव्हते तेवढे बाबा त्या दहा मिनिटांत बोलले. कुठे चहा चांगला, कुठल्या फुटपाथवर छत्री दुरुस्त होते, पगार झाला की कुठून फळं घ्यायची...

तुम्ही क्रॉफर्ड मार्केटला गेला असाल, तर दारावर नजर टाकलीत का कधी? मी नव्हती टाकली. 1869 मध्ये बांधून झालेल्या या इमारतीचा आर्किटेक्ट विल्यम इमर्सन. दारावरची शिल्पं मात्र लॉकवूड किपलिंगची. ‘जंगल बुक’वाल्या रुडयार्डचे हे वडील. समोरच्याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. शिल्पांमध्ये शेतकरी आहेत, कामात गुंतलेले. नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई, पण टॅक्सीवाल्याला ‘क्रॉफर्ड’ म्हटलं तरच कळतं.

मार्केटमध्ये आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत बेकिंगचं सामान म्हणजे नुसती धमाल! केकचे टिन, बटर पेपर, कोको, रंगीत खडीसाखरेसारखे स्प्रिंकल्स. दुकानदारानं चॉकलेटच्या दोन स्लॅब पुढे ठेवल्या. एक स्वस्त, एक जवळपास दुप्पट महाग. मी अर्थातच स्वस्तवाली उचलली.

बाबांनी चष्मा चढवला. आयुष्यभर व्हाउचर तपासलेला माणूस! मागचं बारीक अक्षर वाचून म्हणाले, ‘‘यात कोको बटर कुठाय? इथे वनस्पती तेल लिहिलंय.’’

बरोबर होतं. स्वस्तवाल्याला कंपाउंड म्हणतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पतिजन्य फॅट असतं. मुंबईच्या गर्मीत ते पटकन वितळत नाही, सजावटीला मस्त. पण ब्राउनीत चॉकलेट हाच हीरो. तिथे कोको बटरवालं हवं. महाग स्लॅब पिशवीत गेली. वर आठ इंची चौकोनी टिन दोनशेऐंशीवरून दोनशेवीसला आणला, तोही बाबांनीच. त्यांच्या चेहऱ्यावर जुना पगाराचा दिवस दिसत होता.

खरी ब्रेकिंग न्यूज पुढेच होती. समोरच्या ‘बादशहा’त फालुदा पिताना मी म्हटलं, ‘‘आईच्या किचनमध्ये अंड्याला नो एंट्री. एगलेसच करावी लागेल.’’

‘‘छे! अंड्याशिवाय त्याला तो वरचा पापुद्रा येत नाही.’’

मी चमचा खाली ठेवला. ‘‘बाबा, तुम्हाला कसं माहीत?’’

मग कळलं. अकाउंट्समध्ये एक पारशी बाई होत्या. दर नवरोजला घरून ब्राउनीचा डबा आणायच्या. बाबांनी वीस वर्षं ती ब्राउनी खाल्ली होती आणि घरी एका शब्दानं सांगितलं नव्हतं! ‘‘तुझ्या आईला वाईट वाटलं असतं,’’ म्हणाले. आणि थोडं थांबून, ‘‘आता त्या कुठे असतात कोण जाणे. ग्रुपच पांगला सगळा.’’

फालुदा मग दोघांनी गुपचूप संपवला.

गंमत म्हणजे ब्राउनीचा जन्मही डब्यासाठीच झाला म्हणतात. 1893 मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. हो, विवेकानंदांचं भाषण गाजलं ते शिकागो, तेच वर्ष. तिथल्या पामर हाउस हॉटेलच्या मालकीणबाई बर्था पामर यांनी शेफला सांगितलं, प्रदर्शनाला येणाऱ्या बायकांच्या डब्यात देता येईल, हातात धरून खाता येईल असं गोड काहीतरी कर. त्यानं केलं ते चॉकलेटचं, अक्रोडाचं, वर जर्दाळूचा ग्लेझ. दुसरी एक दंतकथा सांगते की कुणीतरी केकमध्ये बेकिंग पावडर घालायला विसरलं आणि ब्राउनी झाली. मला ही जास्त आवडते. फुगला नाही म्हणून काय झालं?

येताना बाबांनी डोंबिवलीला उतरून सहा अंडी घेतली. स्वतः! घरी आल्यावर आईसमोर उभे राहिले आणि नवरोजचं सगळं सांगून टाकलं. मी माळ्यावरून ओटीजी काढता काढता श्वास रोखून धरलेला.

आई म्हणाली, ‘‘शर्टाच्या खिशात चॉकलेट लागलेला रुमाल सापडायचा दर वर्षी. इतकी वर्षं कपडे कोण धुतंय?’’ मग माझ्याकडे वळली, ‘‘भांडी वेगळी घ्या. आणि ओटा पुसायचा.’’

पंचवीस मिनिटांत घरभर तो वास! आईनं खाल्ली नाही. पण बाबांसाठी तुकडे तिनंच कापले, शंकरपाळ्यांसारखे तिरके. बाबांनी चार तुकडे डब्यात भरून ठेवले आणि जुनी फोनची डायरी काढून बसले. रविवारी दुपारपर्यंत ग्रुपमधले तिघे सापडले. पारशी बाई अजून नाही.

काल बाबांनी विचारलं, ‘‘अक्रोड संपलेत. शनिवारी व्हीटीला येतेस, की मी एकटाच जाऊन येऊ?’’

घरी करायची तर...

डार्क चॉकलेट 200 ग्रॅम आणि बिनमिठाचं बटर 150 ग्रॅम गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा. 3 अंडी आणि 200 ग्रॅम पिठीसाखर फेसाळेपर्यंत फेटा. वरचा चकचकीत पापुद्रा इथेच ठरतो. दोन्ही एकत्र करा. मैदा 90 ग्रॅम, कोको 30 ग्रॅम, चिमूटभर मीठ चाळून हलक्या हातानं मिसळा. मूठभर अक्रोड घाला. आठ इंची टिनमध्ये, आधी तापवलेल्या ओटीजीत 180 अंशांवर 22 ते 25 मिनिटं. टूथपिकला थोडा ओला चुरा लागायला हवा. कोरडी निघाली तर उशीर झाला! पूर्ण गार झाल्यावरच कापा. अंडी चालत नसतील तर दर अंड्यामागे पाव वाटी दही आणि मैद्यात एकूण अर्धा चमचा बेकिंग पावडर. पापुद्रा मात्र विसरा. आणि हो, खरेदीला शनिवारी सकाळी जा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात.