पहाडातल्या लग्नाला जाताना

परवा कॅन्टीनमध्ये आमच्या टीममधली पोरं एका लग्नाचा प्लॅन करत होती. लग्न डिसेंबरात, उत्तराखंडात, कुमाऊंतल्या एका डोंगरगावात. शुक्रवारी दुपारच्या विमानाने दिल्ली, रात्रीच्या ट्रेनने काठगोदाम, शनिवारी चारपर्यंत गावात, संध्याकाळी लग्न. सगळे खूष. माझा चहा मात्र घशातच अडकला. कारण दोन वर्षांपूर्वी अगदी हाच प्लॅन मी केला होता. एक्सेलमध्ये, रंगीबेरंगी. त्याची किंमत भलत्याच माणसाने मोजली, म्हणून हे पोस्ट.

तेव्हाचं लग्न आमच्या टीममधल्याच एका मैत्रिणीचं. तिचं गाव थलहून मुनस्यारीला जाणाऱ्या रस्त्यावर. म्हणजे रस्त्यावर नाहीच, रस्त्यावरून अर्धा तास वर चढून. आम्ही सहा जण, मुलीकडचे पाहुणे.

काठगोदामला रेल्वे संपते आणि पहाड सुरू होतो. पुढे मुनस्यारीपर्यंत पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. पुण्याच्या माणसाच्या डोक्यात लगेच भागाकार सुरू होतो. हायवे, साठचा स्पीड, पाच तास! तिथे हिशोब ताशी पंचवीस-तीसचा धरायचा. भवाली, अल्मोडा, सेराघाट, बेरीनाग, थल... प्रत्येक वेळी एक डोंगर चढायचा, पलीकडे नदीपर्यंत उतरायचं आणि पुन्हा चढायचं. न थांबता गेलं तरी अख्खा दिवस जातो.

आणि आम्ही न थांबणारे थोडेच! अल्मोड्याला बाल मिठाई घ्यायची म्हणून तासभर गेला. चितईला गोलू देवतेच्या देवळात हजारो घंटा टांगलेल्या आहेत, तिथे फोटोसेशन. सेराघाटला शरयूच्या काठी निवांत जेवण. मागच्या सीटवरच्या दोघांना ओकाऱ्या, त्यांच्यासाठी चार थांबे. आणि थलच्या पुढे रस्त्यावर दरड. पावसाळा नव्हता, पण जेसीबीने दगड बाजूला करेपर्यंत सव्वा तास गाडी जागच्या जागी. तिथे डिसेंबरात सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मोबाईलला रेंज नाही. एक्सेलमध्ये या कशासाठीच कॉलम नव्हता.

पोचलो तेव्हा पावणेआठ वाजले होते. वळणावर एक माणूस टॉर्च घेऊन उभा. अंगात नवा कोट, डोक्यावर टोपी, गळ्यात मफलर. नवरीचा सख्खा मोठा भाऊ. "आ गए? रास्ते में तकलीफ तो नहीं हुई?" एवढंच विचारलं आणि आमच्यातल्या एकीची ट्रॉलीबॅग उचलून डोक्यावर घेतली. मी म्हटलं, "दाज्यू, राहू द्या." (कुमाऊंत मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात.) ऐकतोय कोण! पायऱ्या दगडी, अरुंद, दवाने निसरड्या. चाकं असलेल्या बॅगेचा तिथे काय उपयोग?

वर पोचल्यावर कळलं. वरात आली की नवऱ्या मुलाचं पहिलं स्वागत होतं, त्याला तिथे धूलिअर्घ्य म्हणतात. दिवेलागणीची वेळ, नवरीचे वडील जावयाचे पाय धुतात. पुढे ढाल-तलवार घेऊन नाचणारे छोलिया, ढोल-दमाऊ आणि मशकबीन. घरातलं एकुलत्या एका बहिणीचं लग्न, आणि सख्खा भाऊ त्या वेळी खाली रस्त्यावर उभा! दुपारी तीनपासून. शहरातले पाहुणे, अंधारात वाट सापडायची नाही, म्हणून. वरातसुद्धा त्याच्या समोरूनच वर गेली. तो मात्र आमच्यासाठी खालीच थांबला.

कोणी काही बोललं नाही. आम्हाला पंगतीत बसवलं, वर आग्रह. भटाची चुडकानी, मोहरी वाटून केलेलं झणझणीत काकडीचं रायतं, पुऱ्या. मला घास उतरेना. रात्री शेकोटीजवळ दाज्यू एका भाच्याच्या मोबाईलवर धूलिअर्घ्याचा व्हिडिओ बघत होते. दोनदा बघितला. मग मलाही दाखवला, "देखो, आप लोगों से भी छूट गया था." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच जास्त लागलं.

असो. तर पहाडातल्या लग्नाला जाणाऱ्यांनो, हे लिहून घ्या.

१. आदल्या दिवशी पोचा. एक रजा जास्त टाका आणि वाटेत अल्मोड्याला किंवा बेरीनागला मुक्काम करा. ठरलेल्या दिवशी सकाळी लवकर निघा, फोटो परतीच्या वाटेवर काढा. काळोख पडला की गाडी थांबवायची, हा नियमच समजा. तिथले ड्रायव्हरही तेच सांगतात.

२. शेवटच्या रेंजच्या गावातून फोन करा. उशीर होणार असेल तर स्पष्ट सांगा, "आमच्यासाठी कोणी थांबू नका." वरची वाट दाखवायला लग्नघरातल्या माणसाऐवजी रस्त्यावरच्या एखाद्या दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा.

३. पाठीवर मावेल तेवढंच सामान. तुमची बॅग तिथे हमखास दुसरं कोणीतरी उचलतं.

४. आहेर पाकिटात. आम्ही डिनर सेट नेला होता! तो वर कोणी नेला असेल ते सांगायला नको.

५. गाडी लागण्यावरची गोळी निघण्याआधी घ्या, ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. विरळ हवेची मात्र फार काळजी नको. मुनस्यारी सुमारे २२०० मीटरवर आहे. कळसूबाईपेक्षा (१६४६ मीटर) उंच खरं, पण उंचीचा त्रास सहसा २५०० मीटरच्या वर सुरू होतो.

६. थंडी. एका जाड जाकिटापेक्षा तीन पातळ थर बरे. मुख्य विधी रात्रभर चालतात, तेही उघड्या अंगणात. चपटे, पकड असलेले बूट घ्या. हिल्सवाल्या मुलींची फार दैना झाली.

७. सुट्टे पैसे आणि रोख. वाटेत एटीएमच्या भरवशावर राहू नका.

८. गरम पाणी म्हणजे कोणीतरी लाकडं फोडून, हंडे भरून तापवलेलं पाणी. एका बादलीत भागवा.

यादी अजून वाढवता येईल, पण सगळ्याचं मूळ पहिल्या मुद्द्यात आहे. शहरात आपण उशिरा पोचलो तर आपलं जेवण थंड होतं. तिथे आपल्या उशिराची भरपाई यजमानाच्या घरातला कोणीतरी करतो, आणि तो तुम्हाला ते कधी बोलूनही दाखवत नाही.

कॅन्टीनमधल्या पोरांना हे सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, "अरे, पण एक लीव्ह वाया जाईल ना!" मी त्याला दाज्यूंचा फोटो दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळचा, मागे पंचाचूलीची शिखरं, दाज्यू हसतायत, आणि खांद्यावर अजूनही आमचीच एक बॅग.

त्याने संध्याकाळी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली.