भरलेला डबा

औषधांचा भरलेला डबा ही घरातली शहाणी तजवीज, असं माझं ठाम मत होतं. रात्री-अपरात्री डोकं चढलं, गुडघा ठणकला तर गोळी हाताशी हवीच. ते मत आता बदललंय, तेही स्ट्रिपांच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचून.

डब्यात तापाची, अंगदुखीची आणि सर्दीची अशा तीन गोळ्या होत्या. भिंग धरून वाचलं तर तिन्हींत पॅरासिटामॉल: एकीत ६५० मिलिग्रॅम, दुसरीत आयबुप्रोफेनच्या जोडीला ३२५, तिसरीत ५००. अंगात कणकण, नाक वाहतंय, कंबर मोडून आलीय अशा दिवशी माणूस तिन्ही घेतो. एका वेळचे झाले १४७५; दिवसातून तीनदा घेतल्या की ४४२५. धडधाकट प्रौढाला चोवीस तासांतली कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅमची. यकृत दुबळं असेल, वजन कमी असेल किंवा रोज दारू होत असेल, तर त्याहूनही कमी. गोळी ‘साधी’ आहे म्हणून हा हिशेब कुणीच करत नाही, याची मला आता खरोखर धास्ती वाटते.

तारीख नसलेल्या सुट्या गोळ्या तर मी घरात ठेवतच नाही. दुकानदार कात्रीनं चार गोळ्या कापून देतो आणि मुदतीची तारीख त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. म्हणून मी तारखेच्या बाजूचा तुकडा मागून घेते. मुलांच्या पॅरासिटामॉल सिरपचं लेबलही असंच नीट वाचावं लागतं. एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम, दुसरीत २५०, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्येच १००. डोस मुलाच्या वजनावर ठरतो. तो घरातल्या चमच्यानं मोजू नये. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल, तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनानं घेऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता डबा लहान आहे. न्हाणीघरातली दमट हवा आणि गॅसची धग टाळून तो कपाटात वर, कुलपात ठेवलाय.

एक मात्र आवर्जून सांगते. पॅरासिटामॉल जास्त गेलं तरी पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसं काही जाणवत नाही, आणि तेवढ्यात यकृताला इजा होत असते. त्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. शंका आली की त्रास सुरू व्हायची वाट पाहू नका. स्ट्रिप बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठा.