अठ्ठावीसचा टायर

पेठेतल्या जुन्या सायकलच्या दुकानात जाऊन ‘अठ्ठावीसचा टायर द्या’ म्हटलं, की दुकानदार माळ्यावरून दूधवाल्याच्या सायकलचा जाडजूड काळा टायर काढून देतो. त्याचं काहीच चुकत नाही. त्याच्या लेखी अठ्ठावीस म्हणजे २८ इंच, चाकाची उंची. रोडबाइकवाल्या गिऱ्हाइकाला मात्र २८ मिलिमीटर रुंदीचा टायर हवा असतो. पहिला बसतो ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर, दुसरा ६२२ च्या. तेरा मिलिमीटरच्या फरकामुळे दूधवाल्याचा टायर रोडबाइकच्या रिमवर थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखा लोंबतो.

कोथरूडमधल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी कुणाची ना कुणाची सायकल उघडून बसणारे काका हा किस्सा येईल त्याला ऐकवतात. वर एक पुस्तीही जोडतात: दूधवाल्याचा तो टायर चाळीस मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे रोडबाइकवाले आज हजारो रुपये मोजून ज्या दिशेने निघाले आहेत, तिथे दोन कॅन लटकवून दूधवाला कधीचाच पोचलेला आहे.

काकांनी पहिली रोडबाइक घेतली तेव्हा तिला २३ चे टायर होते. त्यात १२० पीएसआय हवा. अंगठ्याने दाबून पाहायचं, टायर दगडासारखा लागला की निघायचं. सायकल अंगाखाली झिणझिणत राहायची आणि ती झिणझिण म्हणजेच वेग, असं त्या वेळी सगळेच समजत. शंभर किलोमीटरनंतर तळहात बधिर व्हायचे. त्याचा दोष हातमोज्यांना दिला जाई.

खरं गणित शाळेतलं आहे. मागच्या चाकावर ४५ किलो भार आणि टायरमध्ये १०० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सात किलो दाब. तेव्हा टायर रस्त्याला जेमतेम साडेसहा चौरस सेंटिमीटर टेकतो, टपालाच्या तिकिटाएवढा. टायर अरुंद असो वा रुंद, दाब तोच असेल तर तिकीट साधारण तेवढंच राहतं; बदलतो तो आकार. अरुंद टायरचं तिकीट लांबट, रुंद टायरचं आखूड आणि पसरट. लांबट तिकिटासाठी टायरला जास्त दबावं लागतं आणि प्रत्येक फेऱ्यात त्या दबण्या-उठण्यात थोडी ताकद रबरात गरम होऊन जाते. म्हणून सारख्या दाबाला रुंद टायर हलका पळतो.

पण सारखा दाब ठेवायचाच कशाला? २३ वरून २८ वर गेलं तर रुंदी जेमतेम एक पंचमांशाने वाढते, आत मावणारी हवा मात्र जवळजवळ दीडपट होते. मग दाब उतरवता येतो. अमेरिकेतल्या फ्रँक बेर्टो यांनी मोजमाप करून एक आडाखा दिला होता: स्वार बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या साधारण १५ टक्के दबावा. काका तोच पाळतात. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ते मागे ८० च्या आसपास आणि पुढे त्याहून दहा कमी भरतात. गिऱ्हाईक अंगठ्याने दाबून नाराज होतं. काका म्हणतात, “अंगठ्यावर बसून जाणार आहेस का?”

झिणझिणीचा हिशेब उशिरा लागला. ‘बायसिकल क्वार्टर्ली’ हे नियतकालिक काढणारे यान हाइने आणि त्यांच्या सोबत्यांनी महामार्गाच्या कडेला कापलेल्या खाचांवरून मुद्दाम सायकली चालवल्या आणि पेडलवर किती ताकद लागते ते मोजलं. खडबडीत रस्त्यावर स्वाराचं अंग हादरतं, स्नायू आणि चरबी हलते आणि त्या हलण्यात पायांची कमाई खर्च होते. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना पांढऱ्या पट्ट्यांच्या रंबलरवरून ज्याचे दात वाजले आहेत, त्याला हे पटवायला यंत्र लागत नाही. शर्यतवाल्यांनाही एका जागी ते ठाऊक होतंच. १८९६ पासून होणाऱ्या पॅरिस-रूबेत पन्नासहून अधिक किलोमीटर ओबडधोबड दगडी फरसबंदी असते. तिथे जाड टायर चालत. उरलेलं वर्ष पुन्हा २३. आता २८ आणि ३० डांबरावरही दिसतात.

इथवर ऐकून समोरचा उत्साहाने विचारतो, “काका, बत्तीस बसेल का?”

“बसेल. फिरणार नाही.”

हे त्यांचं ठरलेलं उत्तर आहे, आणि ते अंगावर झेललेलं आहे. एकदा त्यांनी स्वतःच्या सायकलला २५ काढून २८ घातला. चाक हाताने फिरवलं, कुठे घासत नव्हतं, दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर फट दिसत होती. तेवढ्यावर समाधान मानलं. पसरणी घाटातून वाईकडे उतरताना मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला, रिम आउट झाली आणि टायर चेनस्टेला घासायला लागला. पेडलच्या मागून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या त्या दोन नळ्या. दोघींच्या मधली जागा रोडबाइकला आधीच बेताची. शेजारचे, विरुद्ध बाजूचे दोन स्पोक सैल करून, ब्रेक उघडा ठेवून ते कसेबसे वाईत पोचले. रंग जाऊन अ‍ॅल्युमिनियमला पडलेली ती चकचकीत खाच अजून आहे. कार्बनची फ्रेम असती तर खाच बघून हसता आलं नसतं.

तेव्हापासून त्यांचं मापाचं हत्यार म्हणजे चार नंबरची, चार मिलिमीटर जाडीची अ‍ॅलन की. टायरमध्ये पूर्ण हवा भरायची आणि ती की पुढच्या फोर्कच्या माथ्याखालून, ब्रेकच्या पोटाखालून, सीटच्या नळीमागून आणि चेनस्टेच्या आतून फिरवायची. एका जागी जरी अडली तरी टायर परत. नवा टायर दोन-चार दिवसांत आणखी अर्धा मिलिमीटर फुगतो, हेही धरायचं. पुढच्या बाजूला तर दयामाया नको: फोर्कच्या माथ्यात खडा अडकून चाक थांबलं, तर स्वार हँडलवरून पुढे जातो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि वर मडगार्ड, मग चार मिलिमीटरही काकांना कंजूष वाटतात.

टायरवर छापलेला आकडा हा तर निव्वळ शब्द. तोच २८ चा टायर आतून पंधरा मिलिमीटर रुंद असलेल्या जुन्या रिमवर विजेच्या बल्बसारखा खाली निमुळता, वर फुगीर बसतो आणि कमी हवेत वळणावर डुलतो. एकवीसच्या रिमवर तो ऐसपैस बसतो, मोजला तर तिसाच्या घरात जातो आणि मग फ्रेमला टेकतो. काकांच्या मते चाकं बदलायचा खर्च करण्याआधी माणसाने व्हर्निअर कॅलिपर विकत घ्यावा.

रिम ब्रेकची अडचण वेगळीच. ब्रेकची कळ पूर्ण उघडली तरी हवा भरलेला २८ दोन रबरांच्या मधून जात नाही. चाक हवा सोडून आत घालायचं आणि मग पंप मारायचा. रात्री अडीच वाजता, खंबाटकीच्या अलीकडे, पंक्चर काढल्यावरसुद्धा. २०१८ मध्ये यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची मुभा दिली, चाकाच्या डोक्यावरचा तो चिमटा गेला आणि कंपन्यांनी फ्रेममध्ये ३२ ची जागा सोडायला सुरुवात केली. रुंद टायरची फॅशन थोडी याचीही देणगी आहे, असं काका खासगीत म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात एक मुलगी दहा वर्षं जुनी अ‍ॅल्युमिनियमची सायकल घेऊन आली. तिला दोनशेची ब्रेव्हे करायची होती: साडेतेरा तासांत २०० किलोमीटर. हवा होता बत्तीस. अ‍ॅलन की मागे सगळीकडून सुटली, पण तीही २८ लाच. पुढे ब्रेकच्या पोटाखाली २८ अडकला. ब्रेक बदलू का, असं तिने विचारलं. काकांनी नको म्हटलं. पुढे तिचाच २५ ठेवला, दहा पीएसआय उतरवून. मागे २८. अर्धा भार मागे नाही, त्याहून जास्त असतो. जाड टायर एकच घालता येत असेल तर तो मागेच घालावा.

तिने ब्रेव्हे वेळेत पूर्ण केली आणि संध्याकाळी फोन केला. हातांबद्दल चकार शब्द नाही, तक्रार मीटरची. रूट २०३ किलोमीटरचा होता, मीटरवर आले बरोबर २००. तीन किलोमीटर गेले कुठे?

मीटरचा सेन्सर मागच्या चाकाला होता. २५ च्या चाकाचा परीघ २१०५ मिलिमीटर, २८ च्या चाकाचा २१३६. नवा आकडा मीटरमध्ये घालायला काकाच विसरले होते.